केसभर माप

अंबादासरावांनी माझ्या डोक्यातला पहिला केस उपटला, तेव्हा आमची ओळख होऊन पुरता एक तासही झाला नव्हता.

मी अंबडहून बदली होऊन जालन्याच्या तहसील कचेरीत रुजू झालो, त्या दिवसाची गोष्ट. पोलीस ॲक्शनला दोन-अडीच वर्षं झाली असतील. कचेरीतले उर्दू बस्ते अजून कपाटांत होते आणि नवे कागद मराठीत यायला लागले होते. नकलांच्या खोलीत मला टेबल मिळालं. शेजारच्या टेबलावर काळी टोपी, लांब पांढरा कोट आणि कानावर टाक अशा थाटात एक गृहस्थ बसले होते. वय पंचेचाळिशीचं. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं. मग माझ्या डोक्याकडे एकटक बघत म्हणाले, "भालेराव, तुमचा एक केस घेतो." मी हो-नाही म्हणायच्या आत घेतलासुद्धा.

कोटाच्या खिशातून त्यांनी मलमलीत गुंडाळलेली एक पोलादी वस्तू काढली. तिला दोन जबडे होते, एक जागचा आणि एक सरकणारा, आणि अंगावर बारीक रेघांची रांग. त्या जबड्यांत माझा केस धरून त्यांनी तो खिडकीकडे नेला, एक डोळा मिटला आणि वहीत उर्दूत काहीतरी नोंदलं.

"तीन. सव्वातीन म्हणा. शिरस्तेदारापेक्षा तुमचा केस जाड आहे."

"मग हे चांगलं की वाईट?" मी विचारलं.

"मापात चांगलं-वाईट नसतं हो. माप बराबर असतं, न्हाई तर नसतं."

केस एका पुडीत गेला, पुडीवर माझं नाव पडलं आणि ती पुडी खणातल्या पुड्यांच्या ओळीत जाऊन बसली. त्या ओळीत सगळी कचेरी होती. फक्त आमचे वरिष्ठ पेशकारसाहेब नव्हते, कारण त्यांना पूर्ण टक्कल होतं. त्यांच्या मिशीवर अंबादासरावांचा डोळा होता, पण मिशीला हात घालायची हिंमत त्यांना शेवटपर्यंत झाली नाही.

या केसांच्या धंद्यामागे एक कारण होतं, आणि अंबादासरावांच्या हिशेबी ते अगदी साधं होतं. त्यांना एक कॅलिपर विकत घ्यायचा होता. कॅलिपर म्हणजे वस्तूची जाडी मोजायचं हत्यार. बाजारात तो नाना तऱ्हांचा मिळतो. त्यातला कोणता खरा बोलतो हे कळायचं कसं? एकच केस सगळ्यांत धरून बघायचा. माझा केस त्यांनी पुढच्या महिन्याभरात दुकानातून पारखायला आणलेल्या तीन कॅलिपरांत धरला आणि तीन आकडे आले. "म्हणजे दोन तरी खोटं बोलून राह्यले," ते म्हणाले, आणि तो शोध जणू कचेरीतल्याच कुणाविरुद्ध लागल्यासारखे गंभीर झाले.

कॅलिपर कशाला, तर एंजिनासाठी. जालन्याच्या स्टेशनात मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीचं एंजिन अंबादासरावांच्या मनात लहानपणापासून घर करून होतं. त्याची हुबेहूब लहान प्रत त्यांना घरी करायची होती. "खेळणं न्हाई," हे ते प्रत्येकाला बजावून सांगत. "पाणी घातलं, आग लावली, की आपल्या पायानं चाललं पाहिजे." सगळी मापं विसाव्या हिश्शानं. रुळांतलं अंतर दोन इंचांना पाव सूत कमी. इंचाचे आठ भाग केले की एक सूत होतं, आणि त्या सुताचाही चौथा भाग. हे ते इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला आपण आजवर फारच ढोबळ आयुष्य जगलो असं वाटे.

खऱ्या एंजिनाची मापं त्यांनी स्टेशनावर जाऊन घेतली. गाडी पाणी घ्यायला थांबली, की अंबादासराव धोतराचा काचा मारून, दोरी आणि खडू घेऊन चाकांशी. ड्रायव्हर ओळखीचा झाला होता. तो वरून ओरडे, "रावसाब, निकलो अब, शिट्टी देता हूँ!" एकदा ते घाईत निघाले आणि टोपी एंजिनाच्या कुठल्याशा दांड्यावर राहिली. ती परभणीपर्यंत जाऊन दुसऱ्या दिवशी तेलात न्हाऊन परत आली. अंबादासराव ती टोपी धुवायला द्यायला तयार नव्हते. शेवटी वहिनींनी ती चुलीत घालायची धमकी दिली, तेव्हा कुठे दिली.

वहिनींबद्दल सांगायला हवं. गोदावहिनी ठेंगण्या, गोऱ्या आणि बोलायला खमक्या होत्या. त्यांची सरपणाची खोली नवऱ्यानं बळकावली होती. तिथे शिवणयंत्राच्या पायट्यावर चालणारा एक छोटा खराद बसवला होता. पायानं पायटा हलवायचा, की पितळेचा तुकडा गरगर फिरे आणि हत्यारानं तो गोल तासून निघे. सरपण ओसरीवर आलं होतं. आल्यागेल्याला वहिनी लाकडांकडे बोट दाखवून म्हणत, "बसा. जागा करून घ्या. आमच्या घरात माणसं बाहेर अन् लोखंड आत."

हा खराद उभा करून दिला होता यासीन मिस्त्रींनी. ते जिनिंग फॅक्टरीतले जुने मिस्त्री. हातापायांनी धिप्पाड, बोलायला थोडे. त्यांच्या खिशात कायम एक साधा, दोन वाकड्या पायांचा कॅलिपर असे. त्याला आकडे नाहीत, रेघा नाहीत. वस्तूवर तो बसवायचा आणि अंगठ्याला जे लागेल तेच माप. वहिनींनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा तर चिमटाच आहे. मंग माझ्या चुलीतला घ्या की. तीन वर्षं कशाला हुडकून राह्यले?"

तीन वर्षं ही अतिशयोक्ती नव्हती. हकीमभाईंच्या लोखंडाच्या दुकानात अंबादासराव दर रविवारी सकाळी जात. हकीमभाई बोहरी शेठ, सोशिक आणि थट्टेखोर. ते कॅलिपर काढून गल्ल्यावर मांडत आणि स्वतः पेपर वाचत बसत. अंबादासरावांची परीक्षा सुरू होई. आधी जबडे मिटून ते उन्हाकडे धरायचे. मधून उजेडाची रेघ दिसली, की तो नापास. मग कॅलिपर उभा धरायचा. सरकता जबडा आपोआप खाली आला तर तो सैल, अंगठ्यानं ढकलूनही आला नाही तर अडेल. मग नखानं रेघा चाचपायच्या. कोरलेल्या रेघा नखाला लागतात, नुसत्या रंगवलेल्या लागत नाहीत. मग वास घ्यायचा. गंज डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतो, असं त्यांचं ठाम म्हणणं. आणि शेवटी केस. हकीमभाईंच्या दाढीचे दोनचार केस या कामी खर्ची पडले होते.

"अंबादासराव, मोजा, मोजा," हकीमभाई पेपरातून डोकं न काढता म्हणायचे. "दुकान मोजून झालं की शटरपण मोजा."

एक पितळी कॅलिपर हैदराबादच्या जुन्या बाजारातून मागवला. तो दिसायला राजबिंडा होता, पण जबडे झिजलेले. दुसरा इंचांचा, पण रेघा इतक्या जाड की एका रेघेत तीन केस मावावेत. तिसरा मुंबईहून आला. त्याच्यावर वर इंच आणि खाली मिलिमीटर. तेव्हा मिलिमीटर ही गोष्ट आमच्यापैकी कोणी वापरली नव्हती. अंबादासराव दोन महिने त्या मिलिमीटरांवरच अडले. एकाच पट्टीवर दोन भाषा बोलणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न. आयुष्याची वीस वर्षं उर्दूत नकला करून आता मराठीत नकला करणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारावा, याची गंमत मला वाटे. मी ती बोलून दाखवली तर म्हणाले, "म्हणून तर विचारून राह्यलो."

त्या काळात एकदा जेवताना मी वहिनींना म्हणालो, "लग्न जमवतानाही एवढीच चिकित्सा केली होती का हो यांनी?"

"कुठली!" वहिनी वाढता वाढता थांबल्या. "मला बघायला आल्ते, तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणले. उजेडाकडे धरलं न्हाई का वास घेतला न्हाई."

अंबादासराव मान खाली घालून जेवत राहिले. कान मात्र लाल झाले होते.

शेवटी मुंबईचा तो दुभाषी घेतला. व्हर्निअर कॅलिपर, आत मखमल लावलेल्या लाकडी पेटीत. तो घेतल्याच्या आनंदात त्यांनी कचेरीत पेढे वाटले आणि पेढा देताना पेशकारांच्या मिशीकडे पुन्हा एकदा आशेनं पाहिलं. नवरात्र चार दिवसांवर होतं. एंजिनाचं बरंचसं काम झालं होतं. बॉयलर झाला होता, चाकं झाली होती, सिलिंडर झाला होता. राहिला होता पिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या आत मागेपुढे सरकणारा पितळी गोल तुकडा. तो नेमका बसला पाहिजे. घट्ट झाला तर हलत नाही, सैल झाला तर वाफ बाजूनं पळून जाते. सगळं घोडं तिथे अडलं होतं, आणि तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

खंडेनवमीला घराघरांत हत्यारांची पूजा झाली. अंबादासरावांच्या घरी टाक, दौत, कानस, हातोडा, खरादाचा पायटा आणि मखमलीच्या पेटीतला नवा व्हर्निअर अशी मांडणी झाली. दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर लगेच, मुहूर्ताचा म्हणून, अंबादासरावांनी पिस्टन खरादावर चढवला.

पिस्टन सैल झाला.

दुसरा केला. तोही सैल. तिसरा तर त्यांनी आठवडाभर खपून केला, मापाबरहुकूम. तोही सिलिंडरात टाकला की खुळखुळ वाजे. यासीन मिस्त्रींनी तो बोटानं हलवून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "ढिला हय, रावसाब." अंबादासरावांना ते फार लागलं. त्यांनी आधी पितळेला दोष दिला, मग हवेला. ऑक्टोबरच्या उन्हात धातू फुगतो म्हणून ते पहाटे उठून मोजू लागले. पहाटे धातू थंड डोक्याचा असतो, असं त्यांचं मत. तरीही पिस्टन तेवढाच सैल. मग मुंबईच्या कंपनीला दोष दिला. आणि दिवाळीच्या तोंडावर कचेरीत माझ्यासमोर एक अर्ज आणून ठेवला.

त्या अर्जाची सुरुवात 'सविनय विनंती विशेष' अशी होती आणि पुढे चार पानं कंपनीची अब्रू काढलेली होती. "याची शाईनं साफ नक्कल करून द्या, भालेराव. माझा हात दुखून राह्यला," ते म्हणाले.

मला जरा नवल वाटलं. जालन्यात अंबादासरावांच्या अक्षराची बरोबरी करणारं कुणी नव्हतं. हा माणूस आपली नक्कल दुसऱ्याला करू देणं म्हणजे गवयानं मैफलीत दुसऱ्याला गायला बसवण्यासारखं होतं. तरी मी बसलो. अर्जात हत्याराचा नंबर लिहायचा राहिला होता, म्हणून मी व्हर्निअर मागितला.

तो मी मिटला आणि रेघांकडे पाहिलं. जबडे मिटल्यावर जागच्या पट्टीचं शून्य आणि सरकत्या जबड्याचं शून्य एका रेघेत यायला हवं. ती आली नव्हती. चांगली लांब होती. मी जबडे उघडले. दोन्हींच्या आतल्या बाजूंना पिवळं-लाल काहीतरी वाळून कडक झालं होतं. मी नखानं खरवडलं. चंदनाचं गंध होतं, त्यात कुंकू.

मला सगळं चित्र डोळ्यासमोर आलं. वहिनींनी पूजा करताना शस्त्राच्या पात्याला लावतात तसं याच्या पात्याला गंध लावायचं ठरवलं असणार. पातं शोधलं असणार. काम करणारा भाग तो, म्हणून जबडे उघडून आतून बोट फिरवलं असणार आणि नीट मिटून पेटीत ठेवून दिलं असणार. प्रत्येक मापात त्या गंधाची जाडी मिसळत होती. पिस्टन खरा जेवढा, त्याहून व्हर्निअर तो जाड दाखवी, आणि अंबादासराव तेवढा तो जास्त तासत.

मी हसायला लागलो. आणि मधेच माझं हसू थांबलं. जो माणूस जबडे उन्हाकडे धरून केसाएवढी फट शोधत असे, त्याला नखाएवढं गंध तीन आठवडे दिसलं नव्हतं.

मी वर पाहिलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, पण माझ्या डोळ्यांकडे नव्हे. जरा बाजूला, माझ्या कानाच्या दिशेनं.

"केव्हापासून?" मी हळू विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "उन्हाळ्यापासून. धूर असल्यासारखं दिसतं. औरंगाबादला जाऊन आल्तो. डॉक्टर म्हणले, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मंग कापू. वर्ष लागंल, दोन लागतील. तवर वाढत जाणार." आणि मग घाईनं, "कचेरीत बिलकुल बोलू नका. नक्कल करणाऱ्याचे डोळे गेले म्हणल्यावर मला कोण ठेवून घेतो? अन् घरात तर न्हाईच न्हाई."

मी त्यांच्या टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं आणि गेल्या चार महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी मला उमगल्या. सोपे कागद ते मागून का घेत, लांब कागद माझ्याकडे का सरकवत, दुपारी खिडकीशी का जाऊन बसत.

"एकच आहे, भालेराव," ते म्हणाले. "डोळ्यांदेखत चालताना बघायचंय ते. पुरतं जायच्या आत एकदा. तेवढं झालं की पिकू द्या त्याला पाहिजे तेवढं."

मला गलबलून आलं, ते मी लपवलंही नाही. त्या दिवसापासून त्यांचे कागद माझ्या टेबलावर येऊ लागले. माझं अक्षर त्यांच्यापुढे काहीच नव्हतं, पण मी त्यांच्या वळणाची नक्कल करायला शिकलो, आणि पेशकारांनी 'अंबादासरावांचं अक्षर हल्ली घाईचं झालंय' एवढाच शेरा मारला. मला तो फार झोंबला.

अर्ज मात्र गेला नाही. गंधाचं वहिनींना सांगायचं नाही, असं त्यांनी मला शपथेवर बजावलं. घरी त्यांनी सांगितलं, कंपनीचंच चुकलं.

यासीन मिस्त्रींना सांगणं भाग होतं. ते रविवारी आले, सगळं ऐकून घेतलं आणि व्हर्निअर मखमलीच्या पेटीत ठेवून पेटी फळीवर सारली. खिशातला आपला वाकड्या पायांचा कॅलिपर काढून अंबादासरावांच्या हातात दिला.

"डोळे झाका."

"अहो मिस्त्री, याला आकडे न्हाईत."

"आकडे कागदाला लागतात. पिस्टनला न्हाई लागत. डोळे झाका ना, रावसाब."

अंबादासराव चिडले. तीन वर्षं निवडण्यात घालवलेलं हत्यार फळीवर, आणि हातात वहिनींचा चिमटा! पण दुसरा इलाज नव्हता. मिस्त्रींनी त्यांना सिलिंडरच्या मापाचा एक गोल दिला, मग त्याहून किंचित बारीक, मग किंचित जाड. कॅलिपर वरून ओढायचा. कसा घासतो, ते बोटांनी ऐकायचं. जोरानं दाबलं की मिस्त्री त्यांच्या मनगटावर टिचकी मारत. "दाबू नका. त्याला सांगू द्या."

अंबादासरावांनी हेही मनावर घेतलं, आणि एकदा मनावर घेतलं की ते कोणाचं ऐकणार? घरात ते ज्वारी, तूर, हरभरा यांचे दाणे डोळे मिटून कॅलिपरमध्ये धरू लागले. ओसरीवर बसून वाटीतले दाणे वेगळे करत. मी एकदा गेलो तर वहिनी सुपात ज्वारी पाखडत होत्या आणि ते त्यांच्यासमोर हरभरे मोजत होते. मला पाहून वहिनी उठल्या, दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, यांना वाटतं मला कळलं न्हाई. वैशाखापासून मी तांब्या रोज एकाच जागी ठेवून राह्यले. उंबऱ्यात काही ठेवत न्हाई. पण त्यांना लपवायचंय, तर लपवू द्या."

दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होती, आणि दोघांचंही गुपित माझ्यापाशी. मला त्या घरात तोंड उघडायची भीती वाटू लागली.

चौथा पिस्टन व्हायला संक्रांत उलटली. अंबादासराव पायटा मारत, थांबत, डोळे मिटून कॅलिपर ओढत, पुन्हा पायटा मारत. शेवटचे दोन दिवस तर त्यांनी हत्यार लावलंच नाही, नुसतं तेल आणि राख लावून फडक्यानं घासत राहिले. मिस्त्रींनी तो पिस्टन सिलिंडरात सोडला. तो आपल्या वजनानं सावकाश, अगदी न बोलता, खाली गेला. मिस्त्रींनी सिलिंडरचं दुसरं तोंड अंगठ्यानं बंद केलं. पिस्टन मधेच थांबला. अंगठा काढला, पुन्हा चालू.

"पास," मिस्त्री म्हणाले. जिनिंगच्या वीस वर्षांत त्यांनी कोणाला ही पदवी दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी अंगणात रूळ मांडले. न्हाणीपासून दारापर्यंत, बारा हात. हकीमभाई आले, त्यांना आपल्या दाढीचा वाटा वसूल करायचा होता. एंजिन रुळावर ठेवलं. बॉयलरमध्ये पाणी घातलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला. वहिनी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि एंजिनाजवळ थबकल्या.

"कुठं लावू?" त्यांनी विचारलं. "मागच्यासारखं नको व्हायला."

अंबादासराव सर्दच झाले. मी आकाशाकडे बघू लागलो.

"चिमणीला लाव," ते शेवटी म्हणाले. "पोटाला लागू देऊ नको."

कुंकू लागलं. पाणी कुजबुजायला लागलं, मग गुणगुणायला. अंबादासरावांनी चाकाला बोटानं एक ढकल दिली. एंजिन फुसफुसलं, अडलं, आणि चाललं. खरंच चाललं, आपल्या पायांनी. हकीमभाई "अरे वा! अरे वा!" म्हणत उठून उभे राहिले. मिस्त्रींचा अंगठा मांडीवर पिस्टनच्या तालात हलत होता.

अंबादासराव ओणवे होऊन बघत होते. बघत होते असं म्हणायचं. मला त्यांच्याकडे बघून कळलं, की चार-पाच हातांवरचं ते काळं खेळणं त्यांच्या नजरेत धुरात विरघळलं होतं. पिकायला दोन वर्षं सांगितलेला मोतीबिंदू पाच महिन्यांतच दाटला होता. वहिनींनाही ते कळलं असावं. त्या त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि सांगू लागल्या.

"न्हाणी सोडली बघा. आता पाट्यापाशी आली. गेली पुढं. डौलात चालून राह्यली, मान वर करून. आता दाराकडं…"

सातव्या हातावर, दिव्यातलं स्पिरिट संपल्यामुळं, एंजिन थांबलं. वहिनी थांबल्या नाहीत.

"…अजून चालली, अजून चालली. दाराशी पोचली बघा."

अंबादासराव हसले. "गोदे," चारचौघांत पहिल्यांदाच नावानं हाक मारून ते म्हणाले, "ती थांबली. मला ऐकू येतंय."

"बरं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मंग ऐका. मी उगाच घसा कोरडा करून राह्यले."

पुढे कचेरीत कळायचं ते कळलंच. पेशकार वाटले त्याहून बरे निघाले. त्यांनी अंबादासरावांना नकलांवरून काढून रेकॉर्डच्या खोलीत दिलं. तिथे वाचण्यापेक्षा बस्ते शोधून देण्याचं काम जास्त. कुठला बस्ता कुठल्या सालचा, हे अंबादासराव नुसत्या कापडाच्या गाठीवरून आणि जाडीवरून सांगत. दीड वर्षानं औरंगाबादला शस्त्रक्रिया झाली. बाटलीच्या बुडाएवढी जाड भिंगं आली, एका डोळ्यानं बऱ्यापैकी दिसूही लागलं. त्या सुमारास माझी बदली घनसावंगीला झाली आणि आमच्या भेटी तुटल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नवं राज्य झालं त्या साली. कामानिमित्त जालन्याला आलो होतो, रविवार होता, म्हणून पाय आपोआप हकीमभाईंच्या दुकानाकडे वळले. अंबादासराव पायरीवर बसले होते. हल्ली म्हणे फॅक्टरीतली मंडळी, शाळेतले हातकामाचे मास्तर, घरी काहीबाही ठोकत बसणारे हौशी, सगळे कॅलिपर घ्यायचा असला की अंबादासरावांना विचारल्याशिवाय घेत नसत. आता सगळा माल मिलिमीटरचा. गल्ल्यावर चारपाच नवे कॅलिपर मांडलेले होते.

"भालेराव!" त्यांनी आवाजावरून ओळखलं. भिंगांआडून त्यांचे डोळे भलतेच मोठे दिसत होते. "बरं झालं आले. एक केस द्या."

मी टोपी काढून डोकं पुढे केलं. त्यांनी चाचपून एक केस उपटला, चष्मा काढून पायरीवर ठेवला, डोळे मिटले आणि जबडे केसावर मिटवले. अंगठ्यानं जरा इकडे, जरा तिकडे.

"सव्वातीन," ते म्हणाले. "तेव्हा होता तेवढाच. आता आकडा बघा बरं तुम्ही, हा खरं बोलतो का."

मी कॅलिपर उजेडाकडे नेला. लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या.

"बराबर आहे," मी म्हणालो.

अंबादासरावांनी मान वळवली. चष्मा पायरीवरच होता, तरी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

मी कॅलिपर परत गल्ल्यावर ठेवला. त्यांनी माझा हात धरून मला पायरीवर बसवलं, कोटाच्या खिशातून यासीन मिस्त्रींचा तो वाकड्या पायांचा कॅलिपर काढला आणि माझा अंगठा त्याच्यावर नीट ठेवला.

"डोळे झाका," ते म्हणाले.

मी झाकले.